हाडांची भिशी

तुमच्या ग्रुपमध्ये एवढे किस्से साठतात कसे, असं कारखान्यातले मित्र मला नेहमी विचारतात. उत्तर सोपं आहे. आमची रेस असते पंधरा-वीस मिनिटांची आणि त्यानंतरचं प्लास्टर असतं दीड-दोन महिन्यांचं! प्लास्टरमधल्या माणसाला भेटायला जायचं, त्याच्या घरचा चहा प्यायचा आणि बोलत बसायचं. किस्से घडतात ट्रॅकवर, पण पिकतात ते पलंगाशेजारी.

ग्रुप म्हणजे मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलवरून उड्या मारणारे आम्ही नाशिककर. दिंडोरी रोडला एका माळावर आमचा ट्रॅक आहे आणि सातपूरला शकीलभाई मिस्त्रींचं गॅरेज, तो आमचा अड्डा. मी चाळिशी ओलांडली, उड्या सोडल्या, आता रेसला झेंडा हलवतो. येवल्याची काजल आहे, भल्याभल्यांना माती खायला लावणारी. आणि बाळू. दिंडोरीकडचा, द्राक्षवाल्यांच्या घरातला. आमच्यातला एकमेव प्रोफेशनल तोच. एका कंपनीच्या टीमकडून खेळायचा आणि दर महिन्याला मानधन घ्यायचा.

अट एकच होती. गाडीवर बसला तर पैसे, पडला तर ज्याचं त्यानं बघायचं.

गंमत बघा. मी ओझरला विमानांच्या कामावर, पण माझे पाय कायम जमिनीवर. कॅन्टीनच्या मिसळीनं ठसका लागला तरी मला कारखान्याचं मेडिकल! बाळू दिवसातून पन्नासदा हवेत, आणि त्याची डोकेदुखीची गोळीसुद्धा स्वतःच्या खिशातून.

*

बाळूच्या लग्नात मध्यस्थ मी होतो. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नाव विद्या. तिच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मुद्द्याला हात घातला.

"पोरगा करतो काय?"

"मोटरसायकल चालवतो. कंपनी पैसे देते," मी म्हणालो.

"म्हंजे डिलिव्हरीला हाय म्हना."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाळूनं माझा पाय दाबला.

"लय जोरात नाय ना चालवत?"

"नाही मामा," बाळू अगदी खरं बोलला, "माझ्यापेक्षा जोरात चालवणारे देशात दोघं-तिघं आहेत."

सासरेबुवांचा चेहरा खुलला. "मंग झालं तर! असं हळू चालवनारंच पोरगं पायजे व्हतं आम्हाला!"

विद्यावहिनींना मात्र सगळं ठाऊक होतं. त्याचे व्हिडिओ बघूनच त्यांनी होकार दिला होता. पण ट्रॅकवर यायचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. आम्ही आग्रह केला की म्हणायच्या, "तुम्ही जा. मी नंतर एक्स-रे बघेन."

*

आमच्याकडे विमा विकायला आलेला पहिला आणि शेवटचा माणूस म्हणजे कुलकर्णी काका. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की सातपूरच्या गॅरेजवर तरुण, निर्व्यसनी माणसं जमतात. काका बॅग घेऊन हजर!

"सिगारेट?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

काकांना वाटलं असणार, आज कोणाचं तोंड बघून निघालो होतो! "काही धोकादायक छंद वगैरे?"

"छंद नाही काका," बाळू म्हणाला, "नोकरी आहे." आणि त्यानं मोबाईलवर स्वतःची एक उडी दाखवली.

काकांनी ती दोनदा बघितली. मग बॅगची चेन लावली आणि हळहळत म्हणाले, "अरेरे! छंद असता तर काहीतरी करता आलं असतं!"

पॉलिसी काही मिळाली नाही, पण काका मिळाले. पुढच्या रविवारी उडी प्रत्यक्ष बघायला आले आणि मग दर रविवारी यायलाच लागले. त्यांनीच सुचवलं, "बाहेर तुमचा विमा कोणी काढणार नाही. तुम्हीच एकमेकांचा काढा." तिथून आमची भिशी सुरू झाली. आमच्या बायका महिन्याची भिशी लावतात, तिचा नंबर चिठ्ठी टाकून निघतो. आमच्या भिशीचा नंबर हाड मोडलं की निघतो! रेसमध्ये जिंकलेल्या बक्षिसाचा निम्मा हिस्सा भिशीत टाकायचा आणि जो प्लास्टरमध्ये असेल त्यानं ती उचलायची. नियम काकांचा आणि कडक. डोक्यावर हेल्मेट नसेल तर छदाम मिळणार नाही.

*

या भिशीचा पहिला दावा कोणाचा असेल? बाळूचा! आणि पडला कुठे? स्वतःच्या लग्नात.

नवरदेव मारुतीच्या दर्शनाला घोड्यावरून निघाले. पुढे बँड, मागे आम्ही. घोडा उभा होता, अगदी शांत. मंदिरापाशी उतरताना बाळूनं सवयीनं पाय टाकला तो जमिनीऐवजी सरळ हवेत. देशात तिसऱ्या-चौथ्या नंबरचा रायडर उभ्या घोड्यावरून खाली! उजवं मनगट मोडलं. सासरे म्हणाले, "डिलिव्हरीवाल्याला घोड्यावर कशाला बसवलं रं?"

हात गळ्यात अडकवून बाळू बोहल्यावर उभा राहिला. अक्षता पडल्या आणि मांडवाच्या मागे भिशीची मीटिंग. काजल म्हणाली, "ट्रॅकवर पडला नाही, पैसे नाहीत." शकीलभाई म्हणाले, "हाड तो टूटा ना! घोडा असो नाहीतर गाडी, बसला होता तो वरच."

सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी चष्मा पुसला आणि बाळूला बोलावून एकच प्रश्न विचारला.

"डोक्याला काय होतं?"

"फेटा होता काका. वर बाशिंगही होतं."

"डबल सेफ्टी," काका म्हणाले. "मंजूर!"

*

ग्रुपमध्ये कोणी पडलं की घरी सांगायला जायचं काम माझ्याकडे असतं. माझा चेहरा म्हणे शांत आहे. पण याचा एक तोटा झाला. मी साध्या कामासाठीही कोणाच्या दारात उभा राहू शकत नाही.

एकदा सत्यनारायणाचं आमंत्रण द्यायला बाळूच्या घरी गेलो. त्याची आई, आमच्या काकू, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला फाटकात बघितलं आणि उठल्या. आत जाऊन गॅस बंद केला, पदर नीट केला, हातात पिशवी घेतली, पायात चपला घातल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"कंच्या दवाखान्यात?"

"अहो काकू, पूजेचं आमंत्रण आहे!"

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. पिशवी काही खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "मंग फोन लावून दे त्याला. पूजेला येतो का इचारते."

*

काजलचं खांद्याजवळचं हाड, कॉलरबोन, मोडलं तेव्हाची गोष्ट. दवाखान्यानं हात अडकवायला निळ्या कापडाची झोळी दिली होती. तिचे वडील येवल्याला हातमागावर पैठणी विणतात. ते एसटीनं आले, लेकीच्या गळ्यातली ती झोळी बघून त्यांचा जीव कासावीस झाला. तिच्या दुखण्यापेक्षा त्या कापडानंच जास्त, असं काजल म्हणते!

दोन दिवसांनी ते परत आले आणि पिशवीतून झोळी काढली. पैठणीच्या उरलेल्या तुकड्याची, जांभळी, काठावर मोर. काजल ती घालून बक्षीस समारंभाला गेली, तपासायला गेली, भाजी आणायलाही गेली. तिच्याबरोबर वेटिंग रूममध्ये बसलेल्या एका बाईंना राहवेना. त्यांनी वडिलांना विचारलं, "कुठे मिळते हो ही? मला एक हवी होती."

"करून देऊ की ताई," वडील म्हणाले, "पन आधी खांदा मोडावा लागंल!"

*

हे झालं हसण्यावारी. मग मागच्या वर्षी बाळू खराखुरा पडला. प्रॅक्टिसला, रोजच्याच उडीवर, काही कारण नसताना. उजवी मांडी मोडली आणि गुडघ्यालाही मार बसला. त्या दिवशी त्याच्या फाटकात उभं राहताना माझा शांत चेहरा काही कामाला आला नाही.

टीमच्या मॅनेजरचा फोन दवाखान्यातच आला. माणूस वाईट नव्हता, नियमच तसा होता. गाडीवर बसशील त्या महिन्यापासून पुन्हा सुरू करू, म्हणाला. बाळू फोन ठेवून म्हणाला, "शेवटी टेक केअर म्हणाले. म्हणजे केअर मीच घ्यायची आणि बिलही मीच भरायचं!" तो हसला. विद्यावहिनी हसल्या नाहीत. घरात आता त्यांचाच पगार होता आणि बाळूला दुसरं काही येत नव्हतं, यावंसं वाटतही नव्हतं. तो पुन्हा गाडीवर बसणार की नाही, एवढा एकच प्रश्न त्या घरात होता आणि तो कोणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

भिशी पहिल्या ऑपरेशनला पुरली. दुसऱ्याला पुण्या-कोल्हापूरकडच्या रायडर पोरांनी पैसे पाठवले. हीच पोरं ट्रॅकवर बाळूला कोपरानं ढकलायची आणि शिव्या घालायची! डॉक्टरांनी स्वतःची फी लावलीच नाही. आम्ही संकोचलो तर म्हणाले, "अहो, माझं नवीन एक्स-रे मशीन तुमच्याच ग्रुपच्या जिवावर आलंय. काहीतरी डिस्काउंट नको का?" या माणसांचे उपकार मी कुठल्या शब्दांत मानू? मला ते जमत नाही, म्हणून किस्से सांगतो.

*

ट्रॅकला लागून तात्यांची द्राक्षबाग आहे. आमचा धुरळा त्यांच्या घडांवर बसतो, म्हणून दर रविवारी तात्या काठी घेऊन बांधावर उभे. आमच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. खरं सांगायचं तर चूक आमचीच होती.

बाळू पडल्यावर तात्या दवाखान्यात आले. आम्हाला वाटलं, आता इथेही! त्यांनी द्राक्षांचं खोकं बाळूच्या उशाशी ठेवलं. "खा. धुऊन आनलीत. तुमचाच धुरळा व्हता त्याच्यावर."

पुढे फिजिओथेरपीला न्यायचा प्रश्न आला. बाळूचा पाय वाकत नव्हता, रिक्षात मावत नव्हता. तात्या म्हणाले, "माझा पिकअप मार्केटला जातोच हाय." मग बाळू मागे गादीवर आडवा आणि भोवती द्राक्षांचे क्रेट. द्राक्षं नेणारा माणूस गाडी किती जपून चालवतो हे दिंडोरीकरांना सांगायला नको. खड्डा आला की तात्या थांबून आधी त्याच्याकडे बघत, मग पुढे जात.

एकदा बाळूला राहवलं नाही. मागून ओरडला, "तात्या, जरा जोरात घ्या की!"

तात्यांनी मान बाहेर काढली. "जोरात जाऊनच माझ्या गाडीत आलास ना?"

*

आता एकच किस्सा सांगतो. तो सांगितल्यावर मला दुसरं काही सांगता येत नाही.

डॉक्टरांनी बाळूला परवानगी दिली. उडी नाही, वेग नाही, एक फेरी हळू मारून बघा, म्हणाले. पण आमच्यात डॉक्टरांच्या वर शकीलभाई. त्यांचा रिवाज असा, की दुखण्यातून उठलेल्या माणसाची गाडी दुसऱ्या कोणी चालू करायची नाही. धक्का नाही, उतार नाही. ज्याच्या पायात किक मारायचा जोर नाही, त्याच्या पायात पडताना सावरायचाही जोर नाही, असं त्यांचं म्हणणं. या रिवाजानं किती जणांची हाडं वाचवली असतील, देव जाणे.

रविवारी सकाळी सगळे जमलो. काजल, काका, बांधावर तात्या. काठी नव्हती. आणि दोरीपलीकडे विद्यावहिनी, ट्रॅकवर पहिल्यांदाच.

बाळूनं हेल्मेट घातलं. आमच्या गाड्यांची किक उजव्या पायाला असते. त्यानं पाय ठेवला आणि मारली. किक निम्म्यावरच थांबली. पुन्हा मारली. मांडी थरथरत होती, लांबूनही दिसत होतं. तिसऱ्यांदा त्याचा पायच घसरला आणि गाडी कलंडता कलंडता त्यानं सावरली. काजल धावली तर शकीलभाई म्हणाले, "हात नको लावू."

बाळू गाडीवरून उतरला. हेल्मेट काही काढलं नाही. आत त्याचा चेहरा कसा झाला असेल ते आम्हाला दिसलं नाही, बरंच झालं.

तेवढ्यात विद्यावहिनी दोरीखालून आत आल्या. पदर कमरेला खोचला. "बाजूला व्हा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. हँडल धरलं. किक आधी हळूच खाली दाबली, जड लागेपर्यंत, मग वर येऊ दिली. असं दाबायचं असतं हे शकीलभाई नव्या पोराला सांगून सांगून थकतात. वहिनींना कोणी शिकवलं होतं, मला आजतागायत माहीत नाही. मग त्यांनी सगळं अंग त्या एका पायावर टाकलं.

पहिली किक फुकट गेली. दुसरीला गाडी चालू झाली.

सगळ्यांनी शकीलभाईंकडे बघितलं. शकीलभाई खाली वाकून दुसऱ्याच गाडीची चेन तपासत होते.

"आवाज आला," ते मान वर न करता म्हणाले. "गाडी चालू झाली. बस्स!"

वहिनींनी हँडल बाळूच्या हातात दिलं, पण दुसरा हात सीटवरून काढला नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "मी इथेच उभी आहे."