आईची सोंगं

कॅज्युअल्टीतल्या सीनियर सिस्टरला ज्युनियर मुली मागून फौजदारीणबाई म्हणत. खोटं दुखणं तिला दारातूनच ओळखू येई, आणि त्याचा तिला भारी तोरा होता. कामाला मात्र पक्की. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणत कुणी आलं की ती आधी विचारणार, घराबाहेर पडल्यावर बरं वाटतं का? गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड तिनं असा तीनदा पकडला होता. बोटाला लावायचा चिमटा तेव्हा ऑक्सिजन नव्व्याण्णव दाखवतो, कारण त्या वायूनं भरलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं. हे ती नव्या डॉक्टरांनाही सुनवायची.

तिची स्वतःची आई भावाकडे राहायची. तिथं तिला उलट्या, चक्कर, डोकेदुखी. हिच्याकडे आली की दोन दिवसांत ठणठणीत, परत गेली की पुन्हा तेच रडगाणं. जगाला विचारायच्या प्रश्नाचं उत्तर आई न विचारता देत होती, पण बाईसाहेबांनी निदान काय करावं? म्हातारीला सुनेजवळ राहायचं नाही! शेवटच्या खेपेला तर तोंडावर म्हणाली, "आई, सोंगं पुरे झाली आता. बरी आहेस, घरी जा." आईनं पिशवी उचलली.

नवव्या दिवशी भर दुपारी भावानं आईला बेशुद्ध आणलं. चिमट्यावर नव्व्याण्णव. डॉक्टर म्हणाला, ऑक्सिजन उत्तम आहे, मेंदूचा स्कॅन करू. हिनं भावाला विचारलं, कुठं सापडली? तर बाथरूममध्ये. बाकीचे अंघोळ झटपट उरकून ऑफिसला पळत. आई दार लावून तासभर गुडघ्यांवर गरम पाणी घेत बसे. त्यासाठीच भावानं हौसेनं गॅस गिझर बसवला होता, आणि तिला वारा लागू नये म्हणून खिडकीला पुठ्ठा ठोकला होता. आईला घट्ट मास्क लावून हिनं ऑक्सिजन पूर्ण सोडला, रक्त तपासायला धाडलं. वायू बत्तीस टक्के निघाला. सिस्टरनं जीव वाचवला, असं डॉक्टरनं चारचौघांत सांगितलं. घ्या, वर कौतुकही पदरात पडलं!

जीव वाचला खरा, पण तीन आठवड्यांनी आई माणसं ओळखेनाशी झाली. या विषाचं असं उशिरा होतं कधीकधी. आता ती कायमची हिच्याकडेच असते. परवा ही तिची वेणी घालत होती, तेव्हा आईनं हात धरून हळूच सांगितलं, "सिस्टर, मला बरं वाटतंय हे माझ्या मुलीला कळू देऊ नका हं. लगेच परत पाठवते ती."