आक्का मक्यानं गेली

वरकुट्याचा माणूस शाळेच्या दारात आला तेव्हा मी फळ्यावर गणित घालत होतो. "मास्तर, आक्का गेल्या," एवढंच तो बोलला. मग टोपी काढून म्हणाला, "काविळीनं..." गेले काही आठवडे भेटायला येणारा प्रत्येक जण हाच शब्द उच्चारतो आणि दर वेळी माझ्या मस्तकात तिडीक जाते. कावीळ काही आभाळातून पडली नव्हती. ती पोत्यातून आली होती.

आक्का माझी थोरली बहीण, इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला दिलेली. गावात कुणाला जाब विचारायचा असला की बायका तिलाच पुढं करत. यंदा ज्वारी हाती लागली नाही म्हणून दुकानात मका आला. पावसात भिजून वखारीत कोंडलेला. मूठभर हातात घेतला की बोटांना बुरशीची हिरवट भुकटी लागायची. दुकानदाराला ती दिसत होती, तरी त्यानं विकला. लोकांनी घेतला, कारण दुसरं काही मिळतच नव्हतं. आधी वस्तीवरची कुत्री मेली, उरलीसुरली मक्याची भाकरी खाणारी. मग शेजारच्या रखमाचं पोर पिवळं पडलं, त्याचं पोट फुगलं आणि तेही गेलं. त्या दिवशी आक्कानं एक मेलेलं कुत्रं गोणपाटावर घेतलं आणि ओढत दुकानासमोर नेऊन टाकलं.

"हे तुमच्या मक्यानं मेलंय. इकायचं बंद करा."

दुकानदार हसला. "आक्का, वाईच उन्हात घाला, चोळून धुवा. माणसं काय कुत्री हायत व्हय?"

"मग तुमी खा. हितं, माझ्यासमोर खा."

त्यानं खाल्ला नाही, आणि विकायचाही थांबवला नाही. आक्का घरोघर सांगत हिंडली. काहींनी ऐकलं, काहींनी ऐकूनही चूल पेटवली, कारण पोटाला काय घालायचं याचं उत्तर तिच्याकडंही नव्हतं. मी बारामतीहून थोडी ज्वारी पाठवली होती. पुढं भेटायला गेलो तर तिच्या डोळ्यांत हळद उतरलेली, आणि ताटात मक्याची भाकरी.

"आक्का, तूच सांगत हिंडलीस नं, खाऊ नका म्हणून?"

"दळून ठिवल्यालं हाय रं. टाकवत न्हाय. ज्वारी लेकरांना पुरली पायजे..."

तिच्यावरही मी संतापलो. अजून आहे तो संताप, कुठं ठेवू कळत नाही. तिला बैलगाडीत घालून इंदापूरला नेलं. डॉक्टरांना मक्याचं सांगितलं तर म्हणाले, "अहो मास्तर, मक्यानं कधी माणूस मरतो का? पाणी वाईट असेल." तिच्या पोटात पाणी झालं होतं. घरी न्या म्हणाले.

तेराव्याला तो दुकानदार परीटघडीचा सदरा घालून आला. "लई धीराची बाई हुती," म्हणाला. दाजी मान खाली घालून बसले होते. मी उठलो आणि त्याचा दंड धरून त्याला अंगणाबाहेर काढलं. "मास्तर, दुखवट्याला आलेल्या माणसाला असं करू नये," म्हाताऱ्यांनी मला सुनावलं. रखमाच्या पोराच्या वेळी यातल्या एकानंही तोंड उघडलं नव्हतं. दुकान आजही उघडं आहे. मका संपला. त्यानं तो परत धाडला नाही, शेवटच्या दाण्यापर्यंत विकून संपवला.

तेराव्याच्या दिवशी निघण्याआधी मी आक्काचं जातं अंगणात काढलं. वरची तळी उचलली तर खाचांत हिरवट पीठ बसलेलं. मी पाणी आणलं तशी तिची धाकटी लेक सगुणा धावत आली आणि दगडावर पालथी पडली.

"मामा, धुऊ नगा! आईनं दळल्यालं हाय त्ये."

दाजींनी तिला उचलून बाजूला घेतलं. मी खराट्यानं घासत राहिलो, पाणी ओतत राहिलो... पीठ मातीत वाहून गेलं. त्यांच्या हातांतून निसटून ती परत आली, खाचेत राहिलेला चिमूटभर लगदा तिनं बोटावर घेतला आणि बोट तोंडाकडं नेलं. मी तिचं मनगट धरलं. ती ओरडत होती, मला चावत होती, आणि मी ते सोडलं नाही.