बाटलीतली लवंग

जावयाने कोलोनची बाटली आणून दिली तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की याला माझ्याकडून काय हवंय. मी मुळातच संशयी माणूस, आणि धंदाही तसाच मिळाला. चेन्नईजवळ अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत मसाले पॅक करणाऱ्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं आलेल्या मालाचा वास घेतोय. मिरीत मिसळलेल्या पपईच्या बिया, तेल काढून घेतलेली लवंग, नव्या पोत्यात भरलेला शिळा वेलदोडा, हे सगळं पकडायचं हे माझं काम. सांगलीहून हळदीच्या व्यापारातल्या ओळखीवर इथे आलो आणि नाकाच्या जोरावर टिकलो. माणूस फार गोड बोलायला लागला, की पोत्याच्या तळाशी काय असेल हेच माझ्या डोक्यात येतं.

आमच्या टेस्टिंग रूमचा एक नियम कुठे लिहिलेला नाही, पण मसाल्याच्या धंद्यात तो सगळ्यांना ठाऊक असतो. वास घेणाऱ्याने अंगाला वासाचं काहीही लावायचं नाही. मी तो नियम घरीही आणला. साबण बिनवासाचा, पावडर नाही, सकाळी उदबत्ती नाही. याचा खरा जाच बायकोला झाला. ती तंजावरच्या मराठी घराण्यातली, पण जन्म चेन्नईचा, लहानपणापासून केसात मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा माळणारी. लग्नानंतर मी तिला सांगितलं, फक्त रविवारी. या शहरात रिकामी वेणी दिसली की शेजारणी हळूच विचारायच्या, घरी सगळं बरं आहे ना. तिने कधी तक्रार केली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

अशा घरात जावई सेंट घेऊन आला. तमिळ नववर्षाचा दिवस होता. तो तमिळ, इकडच्या रीतीप्रमाणे सासऱ्याला ‘मामा’ म्हणणारा. म्हणाला, "मामा, रविवारी तरी लावा. यात सगळे तुमचेच मसाले आहेत." खोक्यावर खरंच तसं छापलं होतं. आधी लवंग, मिरी, वेलदोडा, मग देवदार, चंदन आणि शेवटी खस.

रविवारी दाढी केल्यावर मी दार लावून घेतलं आणि मनगटावर एक फवारा मारला. आयुष्यातला पहिलाच. आणि खरं सांगतो, मला ते आवडलं. नवी पेन्सिल टोक काढताना येतो तसा लाकडाचा कोरडा वास आला. अर्ध्या तासाने त्याच्या खालून चंदन वर आलं, तेही देवघरातलं ओलं चंदन नव्हे, वखारीत फळीवर करवत चालताना उठतं ते. दुपारी जेवताना हात तोंडाशी नेला की मातीची, खसाच्या मुळांची गार लहर यायची. मी दिवसभर चोरून मनगट हुंगत होतो. साठीला टेकलेल्या माणसाने असं करावं याची लाजही वाटत होती.

पण मसाला कुठे होता? लवंग नाही, मिरी नाही, वेलदोड्याचा मागमूस नाही. पुन्हा फवारा मारला, पुन्हा नुसतं लाकूड. मनात शंकेची पाल चुकचुकली. बाटली डुप्लिकेट. एक तर जावयाला फसवलं होतं, नाहीतर जावयाने मला.

पुढच्या शनिवारी कोणाला न सांगता बाटली पिशवीत घालून मी बसने टी. नगरला गेलो. बिलावर दुकानाचं नाव होतंच. साड्यांच्या दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये ते काचेचं दुकान. मालकाला म्हटलं, यात मसाला नाही. त्याने शांतपणे स्वतःची नमुन्याची बाटली काढली, कागदाच्या पट्टीवर फवारा मारून दिली. पुन्हा लाकूड. मी म्हटलं, "तुमची ही बाटलीसुद्धा नकली आहे." त्याने भांडण केलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका गिऱ्हाईक बाईंच्या हातात ती पट्टी दिली आणि विचारलं, कसला वास येतो? बाईंनी पट्टी नाकाशी नेली आणि लगेच म्हणाल्या, "किराम्बु." म्हणजे लवंग. मग जरा थांबून, "एलक्कायही आहे." म्हणजे वेलदोडा.

माझी खात्री पटली की बाई दुकानदाराचीच माणूस. खोटं गिऱ्हाईक उभं करण्याची युक्ती मला काही नवी नव्हती. मी बाटली पिशवीत टाकली आणि तरातरा निघून आलो.

घरी आलो तो तडक स्वयंपाकघरात. डब्यातली एक लवंग काढून नाकाशी धरली. काही नाही. दाताखाली चावली. जीभ चुरचुरली, पण तो गरम, गोडसर, डोक्यात चढणारा वास आलाच नाही. मी बायकोवर ओरडलो, "ही लवंग कुठल्या दुकानातून आणलीस? तेल काढलेला माल गळ्यात मारलाय तुझ्या." मग सवयीने दुसरी लवंग घेऊन नखाने दाबली. चांगल्या लवंगेला नख लावलं की तेल सुटतं. सुटलं. नखाशी चकचकीत तेल आलं. पेलाभर पाण्यात तिसरी टाकली. तेल काढलेली लवंग आडवी तरंगते, ही सरळ उभी राहिली. लवंग पहिल्या प्रतीची होती.

मी तो पेला हातात धरून उभाच राहिलो. जावई सुटला, दुकानदार सुटला, ती बाई सुटली, आता लवंगही सुटली. उरलं कोण?

बायको ओट्याशी भाजी चिरत होती. तिने सुरी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. म्हणाली, "हे दिसतंय का तुम्हांस?" तिच्या वेणीत मल्लीचा भरगच्च गजरा होता. आणि तो शनिवार होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पोंगलच्या वेळी तुम्हांस ताप आला ना, त्याच्यानंतर. एका शुक्रवारी कोविलातून दर्शन घेऊन आले, घाईत फूल काढायचं राहिलं. तुम्ही शेजारी बसून जेवलात, एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम घातलं. मग रोजच घातलं. रोज वाटायचं, आज ओरडतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? तुम्ही माझ्यावरच संशय घेतला असता."

ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मग राग उतरला आणि भीती वाटायला लागली. माझं नाक गेलं होतं. लाकूड, माती, धूर राहिले होते, फुलं आणि मसाले गेले होते. पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. तापानंतर असं होतं, कधी परत येतं, कधी नाही. पण त्या शनिवारी मला नाकाच्याही आधी दुसरंच काही आठवलं.

पोंगलनंतर मी वेलदोड्याचे तीन माल परत पाठवले होते. तिन्ही वेलदोड्याच्या डोंगरांखालच्या बोडी गावच्या एकाच म्हाताऱ्या व्यापाऱ्याचे. वेलदोडा आम्हाला वीस वर्षं तोच एकटा देत होता. दर हंगामाला पहिल्या मालाची पिशवी स्वतः घेऊन यायचा, टेबलावर माझ्यापुढे ठेवायचा आणि मी वास घेईपर्यंत हात बांधून उभा राहायचा. वेलदोड्याला नखाची परीक्षा नाही, पाण्याची नाही. रंग आणि आकार ठीक असला की बाकी सगळं नाकावर. मी चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘शिळा माल, वास नाही.’ त्याचा फोन आला होता. "सार, एकदा परत बघा. कालच भट्टीतून काढलाय." मी त्याला म्हणालो होतो, "माझं नाक तुला वीस वर्षं ओळखतं, म्हणून पोलिसात दिलं नाही." कंपनीने त्याचं नाव यादीतून काढलं. वसाहतीतल्या दुसऱ्या दोन कंपन्यांनी मला विचारलं, तेव्हा मी त्यांनाही तेच सांगितलं. कडक माणूस म्हणून माझं कौतुक झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी स्वतःच्या सहीने दिली होती.

सोमवारी गेल्या गेल्या मी त्या मालांचे राखून ठेवलेले नमुने काढले. आमच्याकडे वास दोघं घेतात, आधी मी, मग माझ्या हाताखालच्या बाई. त्या पंधरा वर्षं माझ्याबरोबर आहेत. चिठ्ठी मात्र मी लिहितो आणि उघडी ठेवतो, हीच आमची पद्धत. त्या दिवशी चिठ्ठी न ठेवता तीन वाट्या त्यांच्यापुढे सरकवल्या. त्यांनी तिन्हींचा वास घेतला आणि म्हणाल्या, तिन्ही उत्तम. मी त्यांना जुन्या चिठ्ठ्या दाखवल्या. बाईंचा चेहरा उतरला. "तेव्हाही मला वास आला होता, सार. पण तुम्ही शिळा लिहिलं होतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

मी कंपनीच्या मालकांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "दोनच वर्षं राहिलीत तुमची. बाई वास घेतील, तुम्ही सही करत जा. बाहेर कशाला बोलायचं? त्या म्हाताऱ्याला पुन्हा यादीत घेऊ, बाजार बदलला म्हणून सांगू." मला मोह झाला हे लपवत नाही. खुर्ची राहणार होती, नाव राहणार होतं. पण त्या म्हाताऱ्याचं काय? बाजार बदलला म्हणून परत घेतलेल्या माणसाच्या मागे चोर हा शब्द तसाच राहतो.

दुपारी मी बोडीला फोन लावला. म्हटलं, माल चांगला होता, माझं नाक गेलंय. तो म्हणाला, "सार, सरळ सांगा ना. भाव पाडून हवाय का?"

मी शपथ घेतली. तो म्हणाला, "तुमचं नाक जाईल? तुम्ही शेजारच्या खोलीतून नुसत्या वासावर सांगायचात की डोंगरावर पाऊस जास्त झालाय. मला वेडा समजू नका." मी विनवण्या केल्या तेव्हा नमुना घेऊन यायला कसाबसा तयार झाला, तोही बहुतेक डाव काय आहे ते बघायला. फोन ठेवल्यावर मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

तो यायचा त्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून ती बाटली काढली. बायको दारात उभी होती. मी मनगटावर, गळ्यावर, शर्टाच्या कॉलरवर फवारे मारले. ती जवळ आली, कॉलरशी नाक नेऊन म्हणाली, "आता लवंग आहे. मिरी थोडी थोडी. वेलदोडा मागून येतोय." मला फक्त लाकूड येत होतं. मी तिला म्हटलं, सांग अजून. तिने डोळे मिटून पुन्हा वास घेतला आणि सावकाश सगळं सांगितलं. कोलोन अंगावर कसं उमलतं ते मी त्या दिवशी तिच्या तोंडून ऐकलं. निघताना मी तिला म्हणालो, गजरा रोज घालत जा. ती म्हणाली, "घालतेच आहे."

टेस्टिंग रूमच्या दारात मी पाऊल टाकलं आणि बाई चटकन उठून उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांत त्या खोलीत सेंट लावून कोणी आलं नव्हतं. त्यांना सगळं ठाऊक असूनही डोळ्यांत पाणी आलं. मालक काचेपलीकडून बघत होते. आता ती खुर्ची मला परत मिळणार नव्हती, हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

म्हातारा आला. कमरेला पांढरी वेष्टी, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर पक्का संशय. नेहमीप्रमाणे पिशवी माझ्यापुढे ठेवली, हात बांधले आणि माझ्या तोंडाकडे टक लावून उभा राहिला. मग त्याच्या नाकपुड्या हलल्या. तो थोडा पुढे झुकला. माझ्या कॉलरपाशी थांबला, पुन्हा एकदा वास घेतला, आणि त्याचा चेहरा बदलत गेला. फोनवर घेतलेल्या शपथांनी जे झालं नव्हतं ते त्या एका वासाने झालं.

"सार," तो हळूच म्हणाला, "किराम्बु चांगली आहे."

"असं म्हणतात," मी म्हटलं.

त्याने बांधलेले हात सोडले. माझा खांदा एकदा दाबला. मग माझ्यापुढची पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि बाईंच्या पुढे नेऊन ठेवली.