मगदूमांची लेक काय शिकते

तासगावच्या जवाहर मगदूमांची तीन एकर द्राक्षबाग. माणूस सरळ, पण भलता लाजाळू. अशा माणसाची लेक, ब्राह्मी, पुण्यात संशोधन करत होती, तेही पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीवर! कुणी विचारलं की जवाहर एवढंच सांगत, "हार्मोनवर." मणी फुगवायला सगळेच बागायतदार घड हार्मोनच्या पाण्यात बुडवायचे, म्हणून पोरगी द्राक्षाचंच शिकते असं लोकांनी धरलं. जवाहरांनी धरू दिलं.

अठ्ठ्याण्णव साली दिवाळीनंतर सांगलीचे पाहुणे मुलगी बघायला आले. मुलाचं नाव अतिशय; सोबत त्याचे आईवडील आणि आजोबा बाळगोंडा आण्णा. पोहे खाता खाता आण्णांनी विचारलं, "पोरी, तुजा हार्मोनचा अभ्यास हाय म्हणं. औंदा मणी लांबट का येईनात, सांग बगू."

ब्राह्मीने बापाकडे पाहिलं. जवाहर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"आजोबा, द्राक्षातलं मला कळत नाही. मी प्रोस्टेटवर काम करते."

"त्यो कुठला वाण?"

"वाण नाही, ग्रंथी. पुरुषांना मूत्राशयाखाली असते."

अतिशयच्या आईने पदर तोंडाला लावला. उठून बागेत जावं आणि पाहुणे गेल्यावरच परतावं, असं जवाहरांना वाटलं. पण आण्णा सरसावून बसले.

"माजं त्याच्यापायीच आपरेशन झालंय."

"आण्णा, ते हर्नियाचं होतं ना?" अतिशयचे वडील दचकले.

"तुमास्नी तसं सांगितलं. कॅन्सर हाय. त्येला वाढवणारं हार्मोन बनतं ती आंडंच मिरजेच्या डॉक्टरनं काढली. वरीसभर बरं चाललं, आता रक्ताच्या रिपोर्टातला आकडा परत चढाय लागलाय. हार्मोनच न्हाई, तर त्ये वाढतंय कशावर?"

ब्राह्मीने खुर्ची जवळ ओढली. "हार्मोनचा निरोप ऐकणारा रिसेप्टर पेशीत असतो. पण प्रतिकारशक्तीच्या पेशीही प्रथिनं सोडून निरोप धाडतात. त्यातलं इंटरल्युकिन-सहा आम्ही प्रयोगशाळेत बशीतल्या कॅन्सरच्या पेशींवर घातलं, तर हार्मोन नसताना तोच रिसेप्टर कामाला लागला."

आण्णांनी हातातल्या पोह्यांच्या बशीकडे संशयाने पाहिलं. "म्हंजे दुसऱ्याच्या चिठ्ठीवर बी ह्यो कामाला लागतोय?"

"साधारण तसंच. पण तुमच्या अंगात तेच होतंय का, हे मी नाही सांगू शकत. मिरजेच्या डॉक्टरांना विचारा. आणि आता घरच्यांना बरोबर न्या."

लग्न काही जमलं नाही. ब्राह्मीला पुणं सोडवेना, अतिशयला सांगली. पण आण्णांची आणि जवाहरांची गट्टी जमली. पुढच्याच आठवड्यात आण्णा अतिशयच्या वडिलांना घेऊन मिरजेला निघाले, तेव्हा जवाहरही सोबतीला गेले. एसटीत त्यांनी आण्णांच्या कानात आपलीही दोन वर्षांची तक्रार सांगितली; तिच्यापायी ते घराबाहेर पाण्याचा घोटही घेत नसत.

दवाखान्यात खिडकीवरच्या बाईंनी जवाहरांना विचारलं, "काय होतंय?"

"पोटात... जरा खाली..."

"आवं मगदूम, लगवी तुंबतीय म्हणून सांगा की!" आण्णा मागून गरजले. रांग वळून बघू लागली. जवाहरांचे कान लाल झाले.

तपासून डॉक्टर म्हणाले, जवाहरांची ग्रंथी वयानं वाढलीय, कॅन्सर नाही. आण्णांचं औषध त्यांनी बदललं, पण आकडा उतरेलच अशी हमी दिली नाही. बाहेर येऊन तिघांनी उसाचा रस घेतला. जवाहरांनी दुसरा ग्लासही मागवला.