उडवीच्या बाजूने लावलेली आग

"काडी नको ओढू! थांब!" गावची लखमीमावशी धापा टाकत टेकडी चढून आली, तेव्हा आमचा गार्ड गवत पेटवायला वाकलेलाच होता.

मी वनपाल, मूळचा साताऱ्याचा. वाणगावच्या पूर्वेला जाळरेषेचं काम होतं. उन्हाळ्यात वणवा आला तर त्याला पुढे खायला काही मिळू नये, म्हणून वाळल्या गवताचा एक पट्टा आम्हीच आधी जाळून टाकतो. पट्ट्याच्या पश्चिमेला साग. पूर्वेला मावशीची उडवी, म्हणजे रचून ठेवलेलं गवत. तिच्या दोन बैलांचा पावसापर्यंतचा सगळा चारा तोच.

प्लॅन सकाळी सातचा होता. पण रेंजर साहेबांना फोटोत यायचं होतं, आणि ते उगवले साडेअकराला! माझं डोकं तापलेलं, पण सांगतो कुणाला?

"मावशी, पश्चिमेच्या कडेनंच लावायचं. प्लॅन पास झालाय," मी म्हणालो.

"सकाळी वारा डोंगराकडचा व्हता. आता दर्याकडचा हाय. तिकडून लावाल तं आग धावत येल नि माझी उडवी खाईल. माझ्या बाजूनं लावा."

"उडवीला चिकटून? बाई, वेड लागलंय का?" साहेब म्हणाले.

"राब भाजताना आमी असंच लावतो. वाऱ्याच्या तोंडावर आग हळू चालते."

भाताचं रोप टाकण्याआधी इथे त्या जागेवर पालापाचोळा जाळतात, तो राब. आग वाऱ्याविरुद्ध चालवायची हे ट्रेनिंगमध्ये मीही शिकलो होतो. सकाळच्या पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्यासाठी पश्चिमेची कड मीच निवडली होती. वारा फिरला की कडही फिरवायची, एवढं मला सुचू नये? लाज वाटली.

"साहेब, उद्या सकाळी करू या का?"

"वरच्या ऑफिसची पाहणी आजच आहे. लावा तिच्या बाजूनं, पण जबाबदारी तुमची."

दोन्ही कडांचं गवत खरवडून माती उघडी केलेलीच होती. उडवीसमोर पाण्याचे पंप आणि हिरव्या फांद्या घेतलेली माणसं उभी केली. आधी मावशीच्या कडेनं दहा पावलांचा तुकडा पेटवला. ज्वाळा उडवीकडे झुकत होत्या, पण आग मात्र पायापायाने उलटी, सागाकडे सरकत होती. मी बघतच राहिलो. एक झोत आला, ठिणग्या उडाल्या, आणि जळून काळ्या झालेल्या जमिनीवर पडून विझल्या. मग पूर्ण पट्टा तसाच जाळला.

"रिपोर्टमध्ये 'प्लॅनप्रमाणे' लिहा," साहेब म्हणाले.

मी लिहिलं, 'वारा फिरल्याने लखमीबाईंच्या सांगण्यावरून कड बदलली.' साहेबांच्या सहीला दोन दिवस लागले. उडवीची एक काडी जळली नाही.

प्लॅन कितीही वरून पास होऊन येवो, पेटवण्याआधी चिमूटभर धूळ उडवून वारा बघावा.