तुपात भाजलेल्या ओट्सची बिअर

मी जपानमधल्या सेंदाईत आलो तेव्हा तिथल्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं होऊन गेली होती. बरेच भारतीय शहर सोडून गेले होते. मराठी बोलणारं घर माझ्या माहितीत एकच होतं: विद्यापीठातले एक सीनियर संशोधक आणि त्यांची बायको. मी त्यांना दादा-वहिनी म्हणायचो आणि दर रविवारी त्यांच्याकडे जेवायचो. मग दादांना तोयोसुच्या एका आयटी कंपनीत नोकरी लागली आणि दोघं टोकियोला निघाले.

जाण्याआधी एकदा तरी त्यांनी माझ्याकडे यावं, एवढीच माझी इच्छा होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, पण घरची शिस्त मी विसरलो नव्हतो. ज्याच्याकडे जेवलो त्याला आपल्याकडे बोलवायचं. मी आल्यापासून नुसता जेवतच होतो.

दादांना बिअर आवडायची. म्हटलं, आपणच करू. जपानात एक टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोलची दारू घरी करायला बंदी आहे. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने ते पाळलेलं बरं. पण इतकी सौम्य बिअर पाण्यासारखी लागते. तिला जरा दाटपणा यावा म्हणून ओट्स घालतात, आणि ते आधी भाजले तर वास छान येतो, असं वाचलं होतं. पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातली, एन्झाइम्स ओट्समधला स्टार्च फोडतात, आणि माझी पीएचडीच एन्झाइम्समधली. ओट्स भाजले, माल्टबरोबर गरम पाण्यात ठेवले. गाळताना चाळणी तुंबली, पेज झाली नुसती. तरी नेटाने गाळलं, उकळलं, यीस्ट घातलं. भरलेल्या बाटल्या जमिनीवरच ओळीने मांडल्या. भूकंपापासून सेंदाईत उंचावर कुणी काही ठेवत नाही.

दोघं आले. मी ग्लास भरले. बुडबुडे वर आले आणि तिथेच विरले.

"फेस कुठाय रे?" दादा म्हणाले.

मी दुसरा ग्लास उंचावरून धार धरून भरला. तेच. वहिनींनी ग्लास नाकाशी नेला.

"अहो, शिऱ्याचा वास येतोय याला! ए, ओट्स कशात भाजलेस तू?"

"तुपात."

"रव्यासारखे?"

"तुम्हीच शिकवलंत की, ओट्सच्या उपम्याला. चमचाभर तर घातलं."

"घ्या! म्हणजे गुरू मीच."

"एन्झाइमचा डॉक्टर!" दादा हसून हसून लाल झाले. "अरे, तुपाने फेस मरतो."

"माहितीये हो."

"माहितीये म्हणे!"

मीही हसलो. त्या खोलीत इतक्या मोठ्याने कुणी हसलं नव्हतं. चव वाईट नव्हती, मऊ होती. दादांनी दुसरा ग्लास मागून घेतला.

मग ते म्हणाले, "चल ना तूही. आमच्या कंपनीत माणसं हवीयत. इथे एकटा काय करणार?"

"मी इथे संशोधनाला आलोय दादा, कोड लिहायला नाही."

बोललो ते खरंच होतं, पण जरा टोचेल असं बोललो. आमच्या घराण्यातला पहिला डॉक्टर मी, ते मला सोडायचं नव्हतं. दादांनी ग्लास संपवून खाली ठेवला. वहिनी म्हणाल्या, "बरं, जेवत जा वेळेवर." बसची वेळ झाली होती. मी स्टॉपपर्यंत सोडायला गेलो. बस येईपर्यंत आम्ही थंडीबद्दल बोललो.

दोघं टोकियोला गेले. पुढच्या रविवारी मी लॅबमध्ये गेलो. सेंट्रीफ्यूज सुरू होत नव्हता. त्याचं झाकण दाबत मी म्हणालो, "चल रे बाबा, असं काय करतोस?" कोपऱ्यातल्या जपानी विद्यार्थिनीने मान वर करून विचारलं, मला हाक मारलीत का? मी तिला जपानीत सांगितलं, नाही, तुम्हाला नाही. ती पुन्हा कामाला लागली. त्या आठवड्यात माझ्या तोंडून निघालेलं मराठी तेवढंच.