खुर्ची टाकून बसलेली सोआझिग

सोआझिगच्या घोडीला नाल मी ठोकायचो, म्हणून ठासून सांगतो: ती घोडी, स्टेरेन, जेमतेम सात वर्षांची होती आणि तिला कसलंही दुखणं नव्हतं.

आमच्या फ्रान्सातल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात हिरवं शेवाळ येऊन सडतं. डुकरांची घाण ओढ्यांतून समुद्रात उतरते, त्यावरच ते माजतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सोआझिग बापासारखीच गाडी जुंपून ते खताला आणायची. ढिगावर वाळून पांढरी साय धरली की खाली पक्कं झालं, असं आम्ही सगळेच मानायचो. त्या दिवशी सडक्या अंड्यांचा वास नाकाला झोंबत होता, तो एकाएकी थांबला.

"गेला बाई एकदाचा वास," असं म्हणत तिने घोडी पुढे घातली.

वास कुठला जातोय! तिचं नाक गेलं होतं. सडत्या शेवाळातून विषारी वायू निघतो, तो वाढला की आधी नाकच मारतो. साय फुटली, घोडी गुडघ्यांवर आली ती उठलीच नाही. सोआझिगही पालथी पडली. तोंडाला सदरा बांधून तिला ओढून काढलं थोरल्या भावाने, ग्वेंडालने. मी धावत पोहोचलो तेव्हा तो वाळूत बसून रडत होता. "गॅसनं मारलं गं स्टेरेनला. तूही गेली असतीस."

बरी झाल्यावर तिने एकच हट्ट धरला: किनारा बंद करा, तिथे मुलं खेळतात. सभा भरली. हॉटेलवाले आले, डुक्करवाले आले. ग्वेंडालचीही डुकरं आहेतच. महापौरांनी त्याला विचारलं.

"घोडी म्हातारी होती," तो टोपी चुरगाळत म्हणाला. "काळीज बंद पडलं तिचं."

"आणि मी रे, दादा? मी कशानं पडले?"

"तू घाबरलीस."

सख्ख्या भावाने केसाने गळा कापला. मी घोडीचं वय सांगायला उठलो, तर मागून कुणीतरी म्हणालं, "तू आपले नाल ठोक." तो संताप अजून गेलेला नाही. किनारा उघडाच राहिला.

मग सोआझिग स्वतःच वाटेवर खुर्ची टाकून बसू लागली. येईल त्याला परत पाठवायची. लोक तिला वेडी म्हणायचे. ग्वेंडाल तिकडे फिरकला नाही.

एकदा मी तिला कॉफी घेऊन गेलो होतो. ग्वेंडालची नात माएल बादली घेऊन आली आणि खुर्चीपाशी आपणहून थांबली.

"पुढे नाही जात गं, आजी. आजोबांनी शपथ घातलीय."

"काय म्हणाले आजोबा?"

"तू बसतेस त्याच्यापुढे पाऊल टाकायचं नाही. तिथं गॅस आहे. त्यानंच तुझी घोडी मेली."

सभेत सोआझिग रडली नव्हती. त्या पोरीसमोर मात्र ती तोंड झाकून हुंदके देत रडली.